टाकी भरली की बंद पडणारी गाडी

आजोबांची मोटरसायकल विकली का, असे तुम्ही दोघांनी मागच्या व्हिडिओ कॉलवर विचारलेत. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेले. विकली नाही. का विकली नाही हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. मोठीने स्वतः वाचायचा प्रयत्न करावा, धाकट्याला बाबा वाचून दाखवतील. मी सगळे क्रमाने सांगणार आहे. ऑफिसात इतकी वर्षे टाइपरायटरसमोर बसले, तेव्हापासून मला क्रमाशिवाय लिहिता येत नाही.

आजोबा पावसाळ्यात गेले हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यानंतरचे काही आठवडे माझ्या लक्षात आहेत, पण दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. माणसे भेटायला येत होती. "रडून घ्या वहिनी, मोकळं वाटेल," असे म्हणत होती. मी त्यांना चहा देत होते. मोकळे वाटायला आधी काहीतरी दाटून यावे लागते, तसे माझ्यात काहीच दाटले नव्हते. भाजी निवडताना वाटावे तेवढेच वाटत होते. त्याच सुमारास तुमची आत्या नवऱ्याचे घर सोडून कायमची इकडे आली, तेव्हाही मी फक्त तिची गादी उन्हात घातली.

आत्याने काम धरले. अंबरनाथ पूर्वेला एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. म्हातारी, आजारी माणसे लॅबपर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून कुणीतरी सकाळी त्यांच्या घरी जाऊन रक्त घेते. ते काम आत्याकडे आले. त्यासाठी स्वतःची गाडी हवी, कारण घरे कुठेही असतात. एक बदलापुरात, दुसरे अंबरनाथला, तिसरे उल्हासनगरच्या कुठल्या तरी गल्लीत. आणि सगळ्यांना आपापल्या वेळेवर सुई हवी असते, कारण ती माणसे रात्रीपासून उपाशी असतात. पाठीवर थंड डबा, गळ्यात ओढणी बांधून आत्या आजोबांच्या मोटरसायकलवर निघायची. चालवायला आजोबांनीच शिकवली होती, ती कॉलेजात असताना.

ती गाडी आजोबांकडे आली तेव्हाच जुनी होती. उल्हासनगरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ते ती घेऊन आले होते आणि येताना वाटेत दोनदा बंद पडली होती. पण त्यांच्या हाताखाली ती सुधारली. आत्याच्या हाताखाली मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा बंद पडायला लागली.

बंद पडायची रीत ठरलेली होती. घरून एका किकमध्ये सुरू व्हायची. बदलापुरातल्या आपल्या मांजर्लीतून निघून, पूल ओलांडून, पूर्वेला अंबरनाथच्या रस्त्याला लागेपर्यंत काही म्हणून तक्रार नसायची. मग एमआयडीसीच्या आसपास तिचा दम जायचा. अॅक्सिलरेटर पिळला तरी वेग वाढायचा नाही. खोकल्यासारखे दोन-तीन धक्के, आणि बंद. आत्या कडेला ढकलून घेऊन उभी राहायची. किक मारून मारून पाय दुखायचा. मग थोड्या वेळाने, कुणी काही न करता, ती आपली आपण सुरू व्हायची.

तोपर्यंत तिकडे उपाशी माणसे घड्याळ बघत बसलेली असायची. शिवमंदिराच्या बाजूला एक निवृत्त फॅक्टरी ऑफिसर राहतात. त्यांनी एकदा आत्याला दारातच धरले. ती घरी येऊन त्यांची नक्कल करत होती.

"'मॅडम, मी सहाला उठलोय. चहा नाही, बिस्कीट नाही. बायको समोर बसून पोहे खातेय. माझी साखर तपासायची आहे की माझा अंत बघायचाय?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं काका, हात पुढे करा. तर म्हणतात, 'आधी गाडी बदला, मग हात देतो.'"

आत्या हसली. मीही हसले असेन. पण दुसऱ्याच दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतले. त्या वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे गं. सुई पहिल्या खेपेला शिरेत जाते, लोक तुझं नाव काढतात. पण मला रोज फोन येतात. सोमवारपासून एक जरी तक्रार आली ना, तर मी दुसरा माणूस बघते. मला वाईट वाटेल, पण बघते."

तो गुरुवार होता. आत्याने हे मला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगितले आणि म्हणाली, "आई, हे काम गेलं तर मी पुन्हा त्या घरी जाणार नाही, एवढं लक्षात ठेव. पण मग मी काय करणार, ते मला माहीत नाही." मी पोळी उलटली. मला कळले होते की हे भीतीचे वाक्य आहे. भीती मात्र वाटली नाही.

तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, भंगारात दे ती. मी हिला नवी स्कूटी घेऊन देतो, आजच." आत्याने फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, तू चांगला आहेस. पण मी आत्ताच एकाच्या उपकारातून सुटून आलेय. ही गाडी बाबांची आहे, म्हणजे माझी आहे. मी बघते." आणि फोन ठेवला.

आता तांत्रिक भाग सांगते. तुमच्याकडच्या गाड्यांत पेट्रोल पंपाने ढकलले जाते. आजोबांच्या गाडीत तसे काही नाही. टाकी वर, इंजिन खाली. टाकीखाली एक छोटा नळ आहे, त्याला कॉक म्हणतात. त्यातून पेट्रोल रबरी नळीने खाली उतरते, एका जाळीतून गाळले जाते आणि कार्बोरेटर नावाच्या भांड्यात साठते. तिथून हवेबरोबर मिसळून इंजिनात जाते. म्हणजे सगळा कारभार उतारावर चालतो. गाडी दम टाकत असेल तर या वाटेवर कुठेतरी अडते आहे, एवढे सगळ्यांनाच कळत होते. कुठे, हे कळत नव्हते.

स्टेशनच्या पूर्वेला एक मेकॅनिक आहे. त्याने कार्बोरेटर उघडून बारीक भोके फुंकून साफ केली. "ताई, टाकीत कचरा हाय. पावसाचं पानी गेलं असंल." मग टाकी काढून धुतली. जाळी बदलली. नळी काढून बघितली तर पेट्रोल धो धो येत होते. त्याने गल्लीत एक चक्कर मारली आणि गाडी आमच्या पुढ्यात उभी केली. "बघा, पळते का नाय? माज्यासमोर तर हरणावानी पळते."

"तुमच्यासमोर पळते हो," आत्या म्हणाली, "माझ्यासमोर बसते."

शनिवारी ती काम आटोपून गाडी घेऊन उल्हासनगरला गेली. ज्यांच्याकडून आजोबांनी गाडी घेतली होती, ते सिंधी शेठ अजून दुकानात बसतात. त्यांनी गाडी लगेच ओळखली आणि आजोबा गेल्याचे ऐकून गल्ल्यावरून उठून उभे राहिले. मग त्यांच्या माणसाने कॉक बदलला, प्लग बदलला. शेठ म्हणाले, "बेटी, गाड़ी में कोई खराबी नहीं. ये तुम्हारे पापा को ढूँढ रही है." आत्याला ते बोलणे आवडले नाही. घरी येऊन म्हणाली, "गाडीला कुणाची आठवण येत नाही, आई. हिला पेट्रोल मिळत नाहीये." मला मात्र तिचे हे बोलणे आवडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचे बोलत होते.

तिने परत येताना पुलाजवळच्या पंपावर टाकी गच्च भरून घेतली होती. पेट्रोल कमी असल्यामुळे असे होत असेल, असा तिचा अंदाज. आणि त्या संध्याकाळी गाडी पूल चढायच्या आतच बंद पडली. एवढ्या लवकर कधीच पडली नव्हती.

जेवताना ती हे सांगत होती आणि मी ताटाकडे बघत ऐकत होते. ऐकता ऐकता मला एक गोष्ट विचारावीशी वाटली.

"सर्वांत लांब न थांबता कधी गेली होती?"

तिने आठवून सांगितले. एकदा मंगळवारी, गाडी रिझर्व्हवर असताना. पंप बंद होता, तशीच भीत भीत उल्हासनगरपर्यंत गेली, आणि काहीही झाले नाही.

"म्हणजे टाकी रिकामी असली की चालते, भरली की थांबते."

"उलट आहे ना हे?" ती म्हणाली. "काहीतरी मूर्खासारखं आहे."

मलाही उलटच वाटले. पण उलट असले तरी त्यात एक नियम होता, आणि कचऱ्याला नियम नसतो. कचरा कधी अडकेल, कधी निसटेल. मी म्हटले, "उद्या रविवार आहे. मला मागे बसव. रस्त्यात बंद पडू दे. मला बघायची आहे."

"तू? कंबर बघ तुझी."

"कंबर मी बघते. तू रस्ता बघ."

रविवारी दुपारी ऊन कलल्यावर निघालो. मी साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसले. आजोबांच्या मागे अशी कैक वेळा बसले असेन. आत्याच्या खांद्याला धरले तेव्हा तो खांदा किती बारीक झालाय हे हाताला कळले, तेवढेच. गाडी पूल चढली, उतरली, पलीकडच्या त्याच पंपावर आम्ही टाकी पुन्हा भरून घेतली आणि मुख्य रस्त्याला लागलो. एमआयडीसीच्या अलीकडे कंपन्यांचा तो ओळखीचा आंबूस वास नाकात शिरला आणि त्याच सुमारास मला खालून पहिला धक्का जाणवला. मग दुसरा. मग शांत.

एका कंपनीच्या भिंतीला लागून आम्ही उभ्या राहिलो. शिफ्ट सुटून माणसे घेऊन चाललेला एक रिक्षावाला वेग कमी करून ओरडला, "काय आजी, धक्का मारू का? का नातीला शिकवताय?"

"नात नाही, मुलगी आहे," मी म्हटले. "आणि शिकून झालंय तिचं."

"मग आजी, तुम्हीच चालवा! रिक्षाच्या पुढं जाल!" मागे बसलेले कामगार हसले आणि रिक्षा गेली.

आत्या हाताची घडी घालून उभी होती. तिची नेहमीची वाट बघायची पद्धत. मी तिला म्हटले, "टाकीचं झाकण उघड."

"आई, पेट्रोल आहे. आत्ता भरलंय."

"असू दे. उघड."

तिने किल्ली फिरवली. झाकण सहज उचलले गेले नाही. तिने जोर लावला तेव्हा ते सुटले, आणि सुटताना आवाज आला. फुस्स. कुणीतरी खूप वेळ रोखून धरलेला श्वास घ्यावा, तसा. बाहेर येणारा नव्हे, आत जाणारा. तिने माझ्याकडे पाहिले. झाकण परत लावले, किक मारली. गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली.

तुम्ही तेलाचा मोठा पत्र्याचा डबा फोडताना पाहिला नसेल. तुमच्याकडे तेल बाटलीत येते. इथे डब्याला एकच भोक पाडले तर थोडे तेल पडते आणि मग धार तुटते. म्हणून समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडायचे. तेल बाहेर जायला एक, हवा आत यायला एक. शाळेत आम्हाला हे इंग्रजीतून शिकवले होते, वातावरणाचा दाब वगैरे. घरात मी ते चाळीस वेळा केले असेल. टाकीला हवा मिळत नव्हती. पेट्रोल थोडे उतरायचे आणि वरची रिकामी जागा त्याला मागे ओढून धरायची. टाकी भरलेली असली की वर हवा अगदी कमी, म्हणून लवकर अडायचे. रिकामी असली की वर हवा भरपूर, म्हणून लांब जायचे. आणि मेकॅनिकने प्रत्येक वेळी झाकण उघडूनच काम केले, म्हणून त्याच्यासमोर ती हरणासारखी पळायची.

"झाकणात हवेला भोक असायला हवं," मी म्हटले. "बघ."

ती वाकली. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता म्हणून मीही वाकले. किल्लीच्या भोकाशेजारी, जिथे ते बारीक छिद्र असते, तिथे करड्या रंगाचा एक चपटा गोळा बसला होता. धुळीने झाकणाच्याच रंगाचा झालेला. पाहणाऱ्याला वाटावे घाण आहे.

तो काय आहे हे मला पाहताक्षणी कळले. आमच्या गल्लीतल्या कुणालाही कळले असते. मांजर्लीत नदीचे पाणी चढायची सूचना आली की पुरुष माणसे गाड्यांच्या मागे लागतात. ज्यांना जमेल ते गाडी उंचावर नेतात. ज्यांना जमत नाही ते सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबतात आणि टाकीच्या झाकणाचे छिद्र नळाला लावायच्या पुट्टीने बुजवतात, म्हणजे गाडी बुडाली तरी पेट्रोलमध्ये पाणी जाऊ नये. पाणी ओसरले की ज्याने बुजवले तोच ते खरवडून काढतो. हे कुणी कुणाला सांगत नाही. प्रत्येक जण आपापले करतो. या वर्षी पाणी चढायच्या आदल्या संध्याकाळी आजोबा खाली जाऊन हे करून आले होते आणि हात धुऊन जेवायला बसले होते. पाणी आमच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेले. त्यानंतर त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. सायलेन्सरमधला बोळा शेजाऱ्यांनी दिसला म्हणून काढला असेल. हे कुणाला दिसले नाही.

आत्याने बोटाने धूळ पुसली. पुट्टीवर अंगठा दाबल्याचा ठसा होता. रेषा चांगल्या उमटल्या होत्या, आधार कार्डाच्या वेळी यंत्रावर उमटतात तशा.

"आई."

"हो."

"हा बाबांचा…"

"हो."

ती सरळ उभी राहिली आणि रस्त्याकडे बघू लागली. एक टँकर गेला, मग दुसरा. मग म्हणाली, "झाकण दुसरं घेऊ. हे असंच ठेवू घरी."

"आज रविवार. दुकानं बंद. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी तुला पहिल्या घरी पोचायचंय."

"मग तू काढ. मी नाही काढत."

माझ्या बांगडीत नेहमी दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. एक काढली, उघडली आणि पुट्टीच्या कडेला घातली. ती कडक झाली होती. मी कडेकडेने सैल करत गेले. अख्खी निघेल असे वाटले होते, पण निघाली नाही. तुकड्यांनी निघाली, पहिला तुकडा अंगठ्याच्या ठशाच्या मधोमध फुटला. तुकडे टाकीवरून घरंगळून रस्त्यावर पडले. छिद्रात अजून थोडी होती, ती पिनेच्या टोकाने बाहेर काढली. मी खाली वाकून काही उचलले नाही. आत्यानेही उचलले नाही. काम झाल्यावर मी पिन पदराला पुसून परत बांगडीत अडकवली. नळाची जाळी साफ करावी तसे हे केले. आता लिहिताना मला त्याचे नवल वाटते आहे, तेव्हा वाटले नाही.

पुढे आम्ही अंबरनाथपर्यंत गेलो, तिथून वळलो आणि घरी आलो. गाडी कुठेही थांबली नाही. जिन्यात तिने विचारले, "चहा टाकू?" आणि मी हो म्हटले.

सोमवारी ती अंधारातच निघाली. गाडीचा आवाज पुलाच्या दिशेने जाईपर्यंत मी गॅलरीत उभी होते. मग पाणी भरले, कपडे भिजवले, मटार सोलले. फोन समोर ठेवला होता. तो वाजला तेव्हा ती धापा टाकत होती.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही गं. चौथा मजला, लिफ्ट बंद. पोचले वेळेवर. काकांनी दार उघडलं, घड्याळ बघितलं आणि म्हणतात, 'आज पोहे मी आधी खाणार, बायकोला दाखवून.' ठेव आता, सुई काढायचीय."

तिने फोन ठेवला. मी राहिलेले मटार सोलले.

दुपारी ती आली. हेल्मेट टीपॉयवर ठेवले, हात-पाय धुतले, पाटावर येऊन बसली. म्हणाली, "एकही तक्रार नाही. डॉक्टरांनी उद्यापासून उल्हासनगरची सगळी घरं मलाच दिलीत. म्हणाल्या, दुसऱ्या माणसाला नको सांगितलं." मी आमटी-भात वाढला. ती जेवू लागली, भराभर, लहानपणी शाळेतून आल्यावर जेवायची तशी. आल्यापासून ती चिमणीसारखी खात होती. आज तिने ताट माझ्याकडे सरकवले आणि मान वर न करता म्हणाली, "अजून."

मला वाटले, आता रडू येईल. मी पातेल्याशी थोडा वेळ थांबून वाट पाहिली. आले नाही. मग मी तिला आणखी भात वाढला आणि त्यावर तूप घातले.